गोळी मानवेपर्यंत : मधुमेहाच्या औषधाचे पहिले आठवडे

मधुमेहाचे औषध सुरू होते तेव्हा रुग्णाच्या शरीरात दोन गोष्टी एकाच वेळी घडू लागतात. एकीकडे रक्तातली वाढलेली साखर उतरू लागते, तर दुसरीकडे आतडी, मूत्रपिंडे, डोळे आणि मज्जासंस्था यांना औषधाची व उतरत्या साखरेची सवय करून घ्यावी लागते. पहिली गोष्ट रुग्णाला सहसा जाणवत नाही, कारण वाढलेली साखर दुखत नाही आणि उतरलेली साखरही तशी कळत नाही; दुसरी मात्र मळमळ, जुलाब, घाम, थरथर, अंधुक दिसणे अशा रूपांनी दोन-तीन दिवसांतच समोर येते. परिणामी जे औषध आतून उपयोगी पडत असते, त्यानेच प्रकृती बिघडवली असा निष्कर्ष रुग्ण अगदी प्रामाणिकपणे काढतो, ‘गोळी उष्ण पडली’ किंवा ‘गोळी मानवली नाही’ असे घरात सांगतो, आणि पुढच्या तपासणीची वाट न पाहता ती बंद करतो.

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार तालुक्यात, सिंदखेडराजाहून मेहकरकडे जाणाऱ्या रस्त्यावर वसलेल्या बीबीसारख्या गावाच्या संदर्भात हा प्रश्न विशेष महत्त्वाचा ठरतो. बीबीला ग्रामीण रुग्णालय आहे आणि आसपासच्या खेड्यांतील रुग्ण तेथे येतात. राष्ट्रीय असंसर्गजन्य रोग कार्यक्रमाखाली तीस वर्षांवरील व्यक्तींची रक्तशर्करा तपासली जाते, आशा सेविका घरोघरी जाऊन माहितीचे अर्ज भरून घेतात आणि मेटफॉर्मिनसारख्या गोळ्या सरकारी व्यवस्थेतून मिळतात. बुलढाणा, जालना आणि वाशीम या तिन्ही जिल्ह्यांसाठीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२४ रोजी एकाच दिवशी झाले, ही या भागासाठी मोठी गोष्ट आहे. तरीही निदान आणि पुढची भेट यांच्यामधला महिना रुग्णाला घरीच काढायचा असतो. सोयाबीनच्या सोंगणीच्या किंवा कापूस वेचणीच्या दिवसांत, केवळ पोट बिघडले हे सांगण्यासाठी एक दिवसाची मजुरी बुडवून कोणी दवाखान्यात जाईल अशी अपेक्षा ठेवणे वास्तवाला धरून नाही. म्हणून गोळी हातात देतानाच तिच्यामुळे काय होऊ शकते, का होते, किती दिवस टिकते आणि कोणत्या लक्षणावर थांबायचे, हे सांगणे हा सौजन्याचा भाग मानता येत नाही. ते औषधाच्या मात्रेइतकेच उपचाराचे अंग आहे.

या प्रश्नाचा आवाका लहान नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीच्या २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्राच्या शहरी भागात १०.९ टक्के, तर ग्रामीण भागात ६.५ टक्के प्रौढांना मधुमेह आढळला होता. त्याच पाहणीच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनी देशातील मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी १० लाख असल्याचे दाखवले. यांतील बहुतेकांना दुसऱ्या प्रकारचा मधुमेह असतो, म्हणजे स्वादुपिंड इन्सुलिन तयार करते परंतु ते अपुरे पडते आणि शरीर त्याला नीट दाद देत नाही, आणि अशा रुग्णांच्या उपचाराची सुरुवात बहुधा मेटफॉर्मिनने होते.

मेटफॉर्मिनचा उगम युरोपातील गॅलेगा ऑफिसिनॅलिस या वनस्पतीशी जोडला जातो. या वनस्पतीत साखर कमी करणारे ग्वानिडीन वर्गातले घटक असतात, आणि त्याच रासायनिक कुळातील मेटफॉर्मिन प्रयोगशाळेत १९२२ मध्ये प्रथम तयार झाले. मात्र माणसांच्या मधुमेहावरील त्याचा उपयोग फ्रेंच वैद्य जाँ स्टर्न यांनी १९५७ मध्ये मांडला. हे औषध मुख्यतः यकृतात तयार होऊन रक्तात सोडल्या जाणाऱ्या साखरेला आवर घालते. त्यामुळे ते एकटे घेतले असता साखर धोकादायक पातळीपर्यंत सहसा उतरत नाही, वजन वाढत नाही, आणि ते स्वस्तही आहे. ब्रिटनमधील दीर्घकालीन मधुमेह अभ्यासाच्या १९९८ च्या निष्कर्षांत, वजन जास्त असलेल्या रुग्णांमध्ये मेटफॉर्मिनने हृदयविकाराचे झटके आणि मृत्यू कमी झाल्याचे दिसले, तेव्हापासून त्याचे पहिले स्थान पक्के झाले. इतक्या गुणी औषधाचा त्रास पोटालाच का होतो, याचे उत्तर ते शरीरात कोठे साठते यात आहे.

गिळलेल्या मात्रेपैकी साधारण निम्मेच मेटफॉर्मिन रक्तात जाते, उरलेले आतड्यातच राहते, आणि आतड्याच्या भिंतीत त्याचे प्रमाण रक्तातील प्रमाणाच्या तीस ते तीनशे पटींपर्यंत असू शकते. तेथे ते अनेक मार्गांनी काम करते. आतड्याच्या हालचालीचे नियंत्रण करणाऱ्या सेरोटोनिन या रसायनाशी त्याचा संबंध येतो. पित्तातील आम्ले लहान आतड्याच्या शेवटच्या भागात पुन्हा शोषली जाण्याची नेहमीची क्रिया मंदावते, ती आम्ले मोठ्या आतड्यात उतरतात आणि तेथे पाणी ओढून घेतात, त्यामुळे शौचास पातळ होते. आतड्यातील जीवाणूंचे प्रमाणही बदलते, आणि त्यातून पोट फुगणे, गुरगुरणे, वात सरणे या तक्रारी उद्भवतात. तोंडाला धातूसारखी चव येणे आणि भूक मंदावणे हेही याच काळातले अनुभव आहेत. साधारणतः दर चार-पाच रुग्णांपैकी एकाला यांपैकी काही ना काही होते, मात्र ज्यांना औषध कायमचे सोडावे लागते असे रुग्ण शंभरात पाचच्या आसपास असतात. या दोन आकड्यांमधले अंतर पुष्कळ बोलके आहे: ज्यांना त्रास होतो त्यांच्यातील बहुसंख्य लोक, योग्य रीतीने वाट काढली तर, हेच औषध पुढे वर्षानुवर्षे घेऊ शकतात.

ही वाट काढण्याची पहिली रीत म्हणजे सुरुवात लहान मात्रेने करणे. पाचशे मिलिग्रॅमची एकच गोळी रात्रीच्या जेवणासोबत आठवडाभर घ्यायची, पोट स्थिर असेल तर दुसरी सकाळच्या जेवणासोबत जोडायची, आणि पुढची वाढ एक-दोन आठवड्यांच्या अंतराने डॉक्टरांच्या सल्ल्याने करायची, असा क्रम सर्वत्र मानला जातो. पहिल्याच दिवसापासून दोन वेळा हजार मिलिग्रॅम सुरू केल्यास साखर काहीशी लवकर उतरते खरी, पण आतड्याला जुळवून घ्यायला अवधी मिळत नाही आणि पुष्कळदा औषधच सुटते. भारतीयांच्या बाबतीत एक निरीक्षण येथे उपयोगी आहे: चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या नेतृत्वाखालील मधुमेह प्रतिबंधाच्या अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले, मधुमेहाच्या उंबरठ्यावरील व्यक्तींना दिवसातून दोनदा केवळ २५० मिलिग्रॅम मेटफॉर्मिन देऊनही मधुमेह होण्याचे प्रमाण लक्षणीय घटले. प्रतिबंध आणि उपचार या वेगळ्या गोष्टी असल्या तरी लहान मात्रा म्हणजे वाया गेलेली मात्रा नव्हे, एवढे त्यातून निश्चित दिसते.

दुसरी रीत जेवणाशी जोडलेली आहे. ही गोळी जेवणाच्या मध्यावर किंवा शेवटच्या घासाबरोबर घेतली तर ती अन्नात मिसळून सावकाश पुढे सरकते, तर सकाळी उठल्याबरोबर रिकाम्या पोटी, चहाच्या घोटाबरोबर घेतली तर मळमळ जवळजवळ ठरलेली असते. शेतावर जाणाऱ्या कुटुंबांत सकाळी चहा आणि मग थेट दहा-अकराला भाकरी असा क्रम असतो; अशा वेळी गोळी शिदोरीसोबत बांधून नेणे आणि ज्वारीची भाकरी, वरण किंवा भाजी खाताना घेणे हे ‘सकाळ-संध्याकाळ’ या चिठ्ठीवरच्या शब्दांना शब्दशः धरून बसण्यापेक्षा पोटाला अधिक सोयीचे पडते, आणि डॉक्टरांना कामाची वेळ सांगितली तर ते तशी मुभा देतात. पहिल्या दोन आठवड्यांत तिखट ठेचा, तळलेले पदार्थ आणि एका वेळचे भरपेट जेवण कमी ठेवल्यानेही फरक पडतो. जुलाब होत असताना दूध नकोसे वाटले तर ताक घेणे आणि पाणी कमी पडू न देणे पुरेसे असते.

एवढे करूनही पोट शांत होत नसेल तर हळूहळू विरघळणाऱ्या मेटफॉर्मिनचा पर्याय असतो, ज्याच्या वेष्टनावर एसआर, ईआर किंवा एक्सआर अशी अक्षरे छापलेली असतात. या गोळीतून औषध तासन्‌तास थोडे थोडे बाहेर पडते, त्यामुळे आतड्याच्या एकाच भागावर त्याचा मारा होत नाही, आणि साध्या गोळीने बेजार झालेल्या अनेकांना ती सोसते. ती चावून, कुटून किंवा अर्धी करून घेऊ नये, कारण तसे केल्यास दिवसभराची मात्रा एकदम सुटते. या गोळीचे मऊ झालेले कवच क्वचित शौचातून जसेच्या तसे पडलेले दिसते, आणि गोळी विरघळलीच नाही अशी शंका रुग्णाला येते. प्रत्यक्षात औषध शरीरात गेलेले असते आणि बाहेर पडलेले कवच रिकामे असते. ही बारीकशी माहिती आधी दिली तर पुष्कळ घबराट टळते.

काहींचे पोट मुळातच अधिक हळवे का असते, याचाही शोध लागला आहे. मेटफॉर्मिन पेशींमध्ये नेण्याचे काम काही विशिष्ट प्रथिने करतात. स्कॉटलंडमधील डंडी येथील संशोधकांनी २०१५ मध्ये असे दाखवले की ज्यांच्यात यांपैकी एक वाहक प्रथिन जन्मतःच कमकुवत असते त्यांना मेटफॉर्मिन न सोसण्याची शक्यता वाढते, आणि त्या प्रथिनाला अडवणारी इतर औषधे, ज्यांत आम्लपित्तावरच्या काही प्रचलित गोळ्याही येतात, सोबत घेतली तर ती आणखी वाढते. पोटात जळजळ झाली की मेडिकल दुकानातून आम्लपित्ताची गोळी आणून रोज घेण्याची सवय आता खेड्यांतही रुजली आहे, म्हणून मेटफॉर्मिन सोसत नसेल तर डॉक्टरांनी आणि रुग्णानेही ही दुसरी गोळी खरोखर आवश्यक आहे का, हे पाहणे अगत्याचे आहे.

मेटफॉर्मिनविषयीची मोठी भीती मात्र पोटाची नसून मूत्रपिंडाची आहे. ‘शुगरच्या गोळ्यांनी किडनी जाते’ हे वाक्य गावोगावी ऐकू येते आणि ते गोळ्या बंद होण्याचे एक प्रमुख कारण आहे. वस्तुस्थिती अशी आहे की मूत्रपिंडाला इजा करते ती वर्षानुवर्षे अनियंत्रित राहिलेली साखर आणि तिच्या जोडीचा रक्तदाब. मेटफॉर्मिन मूत्रपिंड बिघडवत नाही, पण ते मूत्रपिंडावाटेच शरीराबाहेर जात असल्याने आधीच बिघडलेल्या मूत्रपिंडात ते साठू शकते, आणि फार साठले तर रक्तात लॅक्टिक आम्ल वाढण्याचा दुर्मीळ परंतु गंभीर धोका संभवतो. या धोक्याची छाया मेटफॉर्मिनवर पडली ती बरीचशी त्याच्या फेनफॉर्मिन या भावंडामुळे; फेनफॉर्मिनने असे आम्ल पुष्कळ अधिक वेळा वाढत असल्यामुळे ते अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात मागे घेण्यात आले आणि भारतात २००३ मध्ये त्यावर बंदी आली. मेटफॉर्मिन सुरू करण्यापूर्वी आणि नंतर दरवर्षी क्रिएटिनिनची तपासणी करून मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता काढली जाते, ती ४५ च्या खाली गेल्यास मात्रा कमी केली जाते आणि ३० च्या खाली गेल्यास औषध थांबवले जाते. ही काळजी घेतली असता ही भीती बाळगण्याचे कारण उरत नाही. मात्र उलट्या, जोराचे जुलाब, मोठा ताप किंवा उन्हाचा तडाखा यांमुळे शरीरातील पाणी कमी झाले असेल, तर खाणेपिणे सुरळीत होईपर्यंत मेटफॉर्मिन तात्पुरते थांबवावे आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे, हा नियम एप्रिल-मेच्या विदर्भात प्रत्येक रुग्णाला तोंडपाठ असायला हवा.

मेटफॉर्मिनचा त्रास पोटाला होतो, पण सहसा जिवाशी येत नाही. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या सल्फोनिलयुरिया वर्गातील औषधांचे गणित अगदी उलटे आहे: त्यांनी पोट बिघडत नाही, त्यामुळे ती लगेच ‘मानवतात’, पण त्यांचा मुख्य दुष्परिणाम, म्हणजे साखर प्रमाणाबाहेर घसरणे, तातडीचा असतो. या औषधांचा शोधही या दुष्परिणामातूनच लागला. फ्रान्समधील माँपेलिये येथे १९४२ मध्ये मार्सेल जांबाँ हे विषमज्वराच्या रुग्णांना एक नवे सल्फा औषध देत असता काही रुग्णांची साखर अनपेक्षितपणे घसरलेली त्यांना आढळली, आणि तेथीलच ऑगस्त लुबातिएर यांनी हे औषध स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, हे दाखवून दिले. स्वादुपिंडाला मिळणारी ही चालना पोटात अन्न आहे की नाही याचा विचार करत नाही. गोळी घेतली आणि जेवण लांबले, शेतातले काम नेहमीपेक्षा जास्त झाले, किंवा एकादशीचा उपवास धरला, तर साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली उतरू शकते आणि ५४ च्या खाली गेल्यास मेंदूलाच साखर कमी पडू लागते.

घाम फुटणे, हातपाय थरथरणे, छातीत धडधडणे, एकाएकी कडकडून भूक लागणे, चिडचिड आणि मग बोलण्यात गोंधळ, हा या उतरणीचा क्रम घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असावा, कारण शेवटच्या टप्प्यावर रुग्ण स्वतः काही करण्याच्या स्थितीत राहत नाही. शुद्ध असेपर्यंत तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटांनी बरे न वाटल्यास पुन्हा द्यावी, आणि सावरल्यावर भाकरी किंवा पोळी खायला द्यावी. बिस्किटे किंवा मिठाई यांतील स्निग्धांशामुळे साखर रक्तात पोहोचायला उशीर लागतो, म्हणून पहिला उपाय साखरपाण्याचाच. येथे एक अपवाद मात्र नीट लक्षात घ्यावा लागतो. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज हे घटक असलेल्या गोळ्या आतड्यात साखरेचे विघटन रोखतात, आणि अशा रुग्णाला साखरपाणी दिले तरी अपेक्षित परिणाम लवकर होत नाही. त्याच्यासाठी घरात ग्लुकोज पावडरच ठेवावी लागते. बाजारात ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज तिन्ही एकाच गोळीत मिळत असल्याने ही गोष्ट पुष्कळ घरांना लागू पडते. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, त्याला कुशीवर वळवावे आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. या वर्गातील औषधांचा अंमल लांबत असल्याने एकदा सावरलेला रुग्ण काही तासांनी पुन्हा खालावू शकतो; म्हणून असा प्रसंग घडला की बरे वाटले तरी रुग्णालयात देखरेखीखाली राहणे इष्ट, विशेषतः वृद्धांनी आणि मूत्रपिंड क्षीण असलेल्यांनी.

उपवासाचा मुद्दा या भागात वरवर हाताळून चालत नाही. एकादशी, सोमवार, नवरात्र हे उपवास अनेकांच्या श्रद्धेचा गाभा आहेत, आणि ते सोडा असे सांगितले की रुग्ण बहुधा डॉक्टरांना सांगणे सोडतो, उपवास सोडत नाही. शिवाय उपवासाच्या दिवशी सकाळभर पोट रिकामे आणि मग साबुदाण्याची खिचडी किंवा भगर, म्हणजे साखर आधी घसरते आणि मग उसळते. मेटफॉर्मिन एकटे चालू असेल तर फराळासोबत ते घेता येते. ग्लिमेपिराइड असेल तर त्या दिवशीची गोळी कमी करायची, पुढे ढकलायची की गाळायची, हे औषध सुरू होतानाच डॉक्टरांना विचारून ठेवावे. हीच तयारी वारीसाठीही लागते. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परतताना सिंदखेडराजा, लोणार, मेहकर या परिसरातून जाते, आणि तिच्यासोबत चालणारा वारकरी दिवसभरात जेवढे चालतो तेवढे वर्षभर चाललेला नसतो. नुकतेच ग्लिमेपिराइड सुरू झालेल्याने खिशात साखरेची पुडी आणि ओळखीच्या सोबत्याला आजाराची कल्पना, एवढ्या दोन गोष्टींशिवाय चालायला निघू नये.

सगळाच घाम आणि सगळीच थरथर साखर घसरल्याची नसते, हेही सांगितले पाहिजे. ज्या शरीराने महिनोन्‌महिने तीनशेची साखर सहन केली आहे त्याला दीडशे किंवा एकशेवीस ही पातळीही सुरुवातीला कमतरतेसारखी वाटते आणि तेच इशारे उमटतात. ग्लुकोमीटरवर आकडा पाहिला की खुलासा होतो, आणि काही आठवड्यांत शरीर नव्या पातळीला सरावते. अशा वेळी दर खेपेला साखर खाल्ली तर उपचार निष्फळ होतो, आणि आकडा न पाहता दुर्लक्ष केले तर कधी तरी खरी घसरण हातची निसटते. म्हणून पहिल्या महिन्यात तरी ग्लुकोमीटर जवळ असणे किंवा गावातल्या आरोग्य केंद्रावर पट्टीने तपासणी सहज होणे याला पर्याय नाही. यंत्र नसताना लक्षणे आलीच, तर शंकेचा फायदा घसरणीला द्यावा आणि साखरपाणी घ्यावे, कारण थोडी वाढलेली साखर एका दिवसात इजा करत नाही.

डोळ्यांच्या बाबतीतही असाच गैरसमज होतो. साखर वाढलेली असते तेव्हा डोळ्याच्या भिंगातील पाण्याचे प्रमाण आणि त्यासोबत त्याचा आकार बदललेला असतो. औषधाने साखर उतरू लागली की तो पुन्हा बदलतो, आणि दोन ते सहा आठवडे अक्षरे अंधुक दिसतात. गोळीने नजर गेली, असे वाटून घाबरणारे आणि घाईघाईने नवा चष्मा करून घेणारे दोघेही फसतात, कारण साखर स्थिरावल्यावर तो चष्मा लागू पडत नाही. मात्र मधुमेह बराच जुना असेल तर डोळ्याचा पडदा आधीच बिघडलेला असू शकतो, आणि साखर फार वेगाने उतरवली तर तो बिघाड काही काळ वाढतो. म्हणून जोरदार उपचारापूर्वी बाहुल्या मोठ्या करून पडद्याची तपासणी करून घेणे शहाणपणाचे.

गेल्या काही वर्षांत ज्यांच्या किमती उतरल्या ती औषधेही आता तालुक्याच्या दुकानांत पोहोचली आहेत. डॅपाग्लिफ्लोझिनचे पेटंट भारतात २०२० मध्ये संपले. हे औषध मूत्रपिंडातून साखर परत शोषली जाऊ देत नाही, ती लघवीवाटे बाहेर टाकते, आणि हृदय व मूत्रपिंडालाही संरक्षण देते. पण लघवीत साखर उतरल्याने जननेंद्रियांच्या जागी बुरशी वाढून खाज सुटते, लघवीचे प्रमाण वाढते आणि पाणी कमी पडल्यास चक्कर येते. खाजेची तक्रार लाजेपोटी सांगितली जात नाही, विशेषतः स्त्रियांकडून, आणि औषध गुपचूप बंद होते. लघवीनंतर पाण्याने धुऊन जागा कोरडी ठेवणे आणि खाज आल्यास मलम किंवा गोळी घेणे एवढ्याने बहुतेकींचे भागते. परंतु शेतात स्वच्छतागृह नाही म्हणून दिवसभर पाणीच न पिणाऱ्या मजूर स्त्रीला हे औषध देताना डॉक्टरांनी तिची दिनचर्या विचारली पाहिजे, कारण येथे औषधाइतकीच परिस्थितीही दुष्परिणाम घडवते. हे औषध चालू असताना प्रदीर्घ उपवास टाळावा. मळमळ, पोटदुखी आणि खोल, जलद श्वास अशी लक्षणे आली तर साखर फार वाढलेली नसली तरी रक्तात कीटोन आम्ले साठल्याची शक्यता असते, आणि त्यासाठी तातडीने रुग्णालय गाठावे लागते.

सिटाग्लिप्टिन, व्हिल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन ही औषधे बहुतेकांना बिनतक्रार सोसतात. पायोग्लिटाझोनने पायांवर सूज येते आणि वजन वाढते, म्हणून दुबळ्या हृदयाच्या रुग्णाला ते देत नाहीत. सेमाग्लुटाइड आणि तिर्झेपाटाइड ही आठवड्याला एकदा घ्यायची इंजेक्शने जठर रिकामे होण्याचा वेग मंदावतात, त्यामुळे मळमळ हा त्यांचा ठरलेला साथी असतो. मात्रा चार-चार आठवड्यांनी वाढवणे, थोडे खाणे, पोट भरल्याची पहिली जाणीव होताच थांबणे आणि तेलकट टाळणे हाच त्यावरचा उपाय आहे. मात्र पोटात सुरू होऊन पाठीकडे जाणारी तीव्र, न थांबणारी कळ ही मळमळीच्या हिशेबात धरू नये. ती स्वादुपिंडाच्या सुजेची खूण असू शकते.

या सर्व औषधांच्या बाबतीत एक व्यावहारिक अडचण मोठी आहे. दोन-तीन औषधे एकाच गोळीत घालून उपचाराची सुरुवात केली तर त्रास कोणत्या घटकाचा, हे कोणालाच सांगता येत नाही, आणि एक घटक थांबवायचा असला तरी सगळेच थांबते. साखर फार वाढलेली नसेल तर एका औषधाने सुरुवात करून दुसरे नंतर जोडणे म्हणूनच श्रेयस्कर ठरते. दुसरे असे की मेडिकल दुकानातून कापून दिलेल्या चार गोळ्यांच्या पट्टीवर पुष्कळदा औषधाचे नावच उरत नाही. त्रास झाल्यावर रुग्ण ‘पांढरी गोळी’ एवढेच सांगू शकतो. नाव व मात्रा असलेला तुकडा मागून घेणे, आणि त्रास कधी झाला, त्याआधी काय व किती वाजता खाल्ले होते, हे वहीच्या पानावर लिहून ठेवणे, यामुळे डॉक्टरांचे निम्मे काम सोपे होते. कारल्याचा रस, मेथी किंवा वेष्टनावर घटक न छापलेले चूर्ण सोबत चालू असेल तर तेही त्या पानावर लिहावे, कारण अशा चूर्णांत ग्लिबेनक्लामाइडसारखी आधुनिक औषधे मिसळलेली जगात अनेक ठिकाणी प्रयोगशाळांतून उघडकीस आली आहेत, आणि मग साखर घसरण्याचे कारण डॉक्टरांनी दिलेली गोळी नसतेच. आशा सेविकेने औषध सुरू झाल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी केवळ ‘गोळी सुरू आहे ना, पोट कसे आहे’ एवढे विचारले तरी गोळी बंद होण्याची वेळ बरोबर गाठली जाईल. या कामासाठी नवे यंत्र लागत नाही, फक्त ते तिच्या कामाचा मान्य भाग व्हावे लागते.

सुरुवातीचे आठवडे पार पडले आणि तीन महिन्यांनी केलेल्या एचबीए१सी तपासणीत, म्हणजे मागील सुमारे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणाऱ्या चाचणीत, सुधारणा दिसली, की रुग्ण आणि डॉक्टर दोघेही दुष्परिणामांचा विषय मिटला असे मानतात. मेटफॉर्मिनचा एक परिणाम मात्र पुष्कळ उशिरा, तीन-चार वर्षांनी उमटतो: आतड्यातून ब१२ जीवनसत्त्वाचे शोषण कमी होते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षांच्या संशोधनातून दाखवले आहे की शाकाहार प्रचलित असलेल्या आपल्या समाजात ब१२ ची कमतरता औषधाआधीच मोठ्या प्रमाणावर असते. त्यामुळे वारकरी परंपरेतल्या, माळ घातलेल्या, दूधही बेताचेच मिळणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत मेटफॉर्मिन आधीच तुटपुंज्या साठ्यातून आणखी काढून घेते. तळपायांना मुंग्या, बधिरपणा, आग, थकवा, चालताना तोल जाणे ही त्याची लक्षणे मधुमेहाने होणाऱ्या मज्जातंतूंच्या बिघाडासारखीच असल्याने ती ‘शुगरमुळेच’ म्हणून सोडून दिली जातात, आणि मधुमेहाने झालेली इजा सहसा भरून येत नसली तरी ब१२ अभावी झालेली, वेळेवर ओळखली तर, बरीचशी भरून येते. त्यासाठी मेटफॉर्मिन थांबवण्याची गरज नसते. रक्तातील ब१२ वर्ष-दोन वर्षांनी तपासून ते कमी असल्यास गोळ्या किंवा इंजेक्शनाने भरून काढायचे असते, आणि ही दोन्ही स्वस्त आहेत.